बुटांचा जोड आणि चोपन्न तासांचा कायदा



आम्ही इतिहासाचे पंडित नव्हे. नववीत शाळा सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते कारखान्यातल्या यंत्रापाशी, युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा या व्यासपीठावरून इतिहासावर बोलण्याचा आमचा अधिकार कितपत, याची शंका आमची आम्हांसच आहे. परंतु चालकांनी विषयाची निवड आमच्यावर सोपविली, आणि एक कोडे आम्हांस पुष्कळ वर्षे सतावीत होते. तेच आपल्यापुढे मांडावे असे ठरविले.

कोडे असे. आमच्या युनियनच्या कचेरीत एकदा एक बाई आल्या. नवरा कारखान्यात कामाला होता, तो वारला. त्याच्या भविष्यनिर्वाह निधीचे पैसे अकरा महिने अडकून पडले होते. "भाऊ, चपला झिजल्या," एवढेच त्या म्हणाल्या. आम्ही अर्ज केले, स्मरणपत्रे धाडली, हेलपाटे घातले. अखेर बाईंना घेऊन त्या भागातल्या आमदारांकडे गेलो. त्यांनी कागद पाहिला, टेलिफोन उचलला, दोन मिनिटे बोलले. नवव्या दिवशी पैसे आले. बाईंनी आमदारांच्या घरी पेढे नेऊन दिले. वर्षअखेरीस आमदारांचे कार्याचे पत्रक घरोघर वाटले गेले, त्यात या कामाचा उल्लेख होता. आम्हीही आभार मानले आणि ते मनापासून मानले. पण परतताना मनात आले, की हे पैसे त्या माणसाच्याच पगारातून कापलेले. ते मिळविण्यास टेलिफोन का लागावा? आणि ज्यांच्यासाठी टेलिफोन करणारे कोणी नाही, त्यांचे काय? त्याच कचेरीत तशी आणखी किती प्रकरणे पडून आहेत, हे आमदारांनी विचारले नाही. खरे सांगायचे तर आम्हीही विचारले नाही.

लोकप्रतिनिधीने आपल्या भागातील रहिवाशांची नड भागवावी आणि केलेल्या कामाची खबर त्यांना द्यावी, ही रीत चांगली की वाईट? तिच्यातून लोक मोठे होतात की मिंधे? या प्रश्नाचा धडा आम्हांस फार दूरच्या एका शहरात सापडला. ते शहर म्हणजे अमेरिकेतील न्यूयॉर्क. तिथल्या राज्य विधिमंडळाच्या आमदारांचा शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरला आहे.

प्रथम तिथली मांडणी सांगतो. न्यूयॉर्क हे शहर तसे राज्यही आहे. राज्याची राजधानी शहरात नसून हडसन नदीच्या वरच्या अंगाला, शहरापासून सव्वादोनशे किलोमीटरांवर, ऑल्बनी या गावी आहे. विधिमंडळाची दोन सभागृहे: दीडशे सभासदांची विधानसभा आणि दुसरे सिनेट. ज्या काळाविषयी आम्ही बोलणार आहोत त्या काळी विधानसभेची निवडणूक दरवर्षी होई. १९३८ पासून ती दर दोन वर्षांनी होऊ लागली. दरवर्षी मते मागावयाची म्हणजे आमदाराला वस्तीचा विसर पडून चालत नसे.

आणि वस्ती कशी होती? आयर्लंडातून दुष्काळाने हाकललेले लोक, इटलीतले भूमिहीन शेतकरी, रशियातल्या छळाला कंटाळून निघालेले ज्यू, सारे जहाजांतून उतरत आणि शहराच्या दक्षिण टोकाच्या चाळींत भरत. अंधाऱ्या खोल्या, एका खोलीत पाच-सहा माणसे, भाषा येत नाही, ओळख नाही. बेकारी भत्ता नाही, अपघाताची भरपाई नाही, म्हातारपणाचे वेतन नाही. धर्मादाय संस्था होत्या. पण त्या आधी चौकशी करीत, हे कुटुंब मदतीला लायक आहे की नाही ते ठरवीत, आणि मग मदत करीत. उपाशी माणसाला चौकशीचा धीर नसतो.

ही पोकळी भरून काढली ती टॅमनी हॉल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या राजकीय संघटनेने. शहरातल्या डेमोक्रॅटिक पक्षाची सूत्रे तिच्या हाती होती. गल्लीगल्लीत तिचा माणूस असे. तो कोळसा देई, नोकरी लावून देई, पोलिसांतून सोडवी. आणि निवडणुकीच्या दिवशी मते मोजून घेई. या संघटनेचा कुप्रसिद्ध पुढारी विल्यम ट्वीड हा स्वतः राज्याच्या सिनेटचा सभासद होता. १८७० च्या हिवाळ्यात त्याने गरिबांच्या चुलींसाठी कोळसा वाटला, आणि त्याच काळात न्यायालयाची इमारत बांधण्याच्या नावाखाली शहराची तिजोरी लुटली. १८७३ साली त्याला शिक्षा झाली, १८७८ साली तो तुरुंगातच मेला. गरिबांना वाटलेला कोळसा कोणाच्या पैशाचा होता, हे तेव्हा कुठे लोकांना उमगले.

याच संघटनेत पुढे जॉर्ज वॉशिंग्टन प्लंकिट नावाचा एक सिनेटर होऊन गेला. न्यायालयाच्या त्याच इमारतीतील बूटपॉलिशवाल्याच्या ठेल्यावर बसून तो आपले अनुभव ऐकवी. एका वार्ताहराने ते टिपून घेऊन १९०५ साली पुस्तकरूपाने छापले. त्यात त्याचा एका दिवसाचा कार्यक्रम दिला आहे, तो ऐकण्यासारखा आहे. पहाटे दोन वाजता दार वाजते: कोणा दारूच्या दुकानवाल्याला पकडले आहे, जामीन हवा. सहाला आगीच्या बंबाचा आवाज: तो धावत जातो, घर जळालेल्या भाडेकरूंना हॉटेलात नेतो, कपडे आणि जेवण देतो, तात्पुरती जागा पाहून देतो. मग फौजदारी न्यायालय: दारू पिऊन पकडलेल्या काहींना सोडवतो, काहींचा दंड भरतो. पुढे दिवाणी न्यायालय: भाडे थकल्यामुळे घराबाहेर काढल्या जाणाऱ्या कुटुंबाचे भाडे देतो. दुपारी नोकरी मागणारे. तिसऱ्या प्रहरी एका इटालियनाची अंत्ययात्रा, तेथून घाईने एका ज्यूची. रात्री चर्चची जत्रा, शेवटी लग्नाचा समारंभ. मध्यरात्री अंथरूण.

श्रोतेहो, हसू नका. आम्ही हे पान वाचले तेव्हा आम्हांस आमच्या ओळखीची दोन-चार माणसे आठवली. एवढे कष्ट फार थोडे लोक करतात, आणि आगीतून बाहेर पडलेल्या माणसाला पहिला हात देणाऱ्याला नावे ठेवण्याचा अधिकार घरात निजलेल्याला नाही. पण त्याच पुस्तकात प्लंकिट आपल्या मिळकतीचे रहस्यही सांगतो. सरकार कोणती जमीन घेणार हे आधी कळले की ती आपण स्वस्तात घ्यावयाची आणि चढ्या भावाने विकावयाची. याला तो प्रामाणिक लाभ म्हणे! एके काळी तो एकाच वर्षी चार सरकारी जागा अडवून तिघांचे पगार घेत होता. आणि आणखी एक गोष्ट आमच्या नजरेत भरली. दिवसाच्या त्या कार्यक्रमात आग आहे, भाडे आहे, बेकारी आहे. पण चाळींना आग का लागते, भाडे का थकते, यावर ऑल्बनीला जाऊन काही करावे, असा विचार त्या दिवसात कोठेही नाही. आग लागणार, आपण धावणार, लोक मते देणार. हे चक्र थांबावे अशी त्याची निकडच नव्हती.

याच काळचा दुसरा आमदार टिमोथी सलिव्हन. लोक त्याला 'बिग टिम' म्हणत. तो १८८६ साली वयाच्या तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी विधानसभेवर निवडून आला, पुढे सिनेटर झाला. बापाविना वाढलेला, लहानपणी वर्तमानपत्रे विकणारा पोर. त्याचे फाटके बूट पाहून शाळेतल्या बाईंनी त्याला नवा जोड मिळवून दिला होता, अशी आठवण तो सांगे. त्या आठवणीखातर तो दरवर्षी हिवाळ्यात हजारो गरिबांना बूट आणि मोजे वाटी. नाताळात बावरी नावाच्या रस्त्यावर हजारोंना जेवण घाली. जुगाराच्या अड्ड्यांशी त्याचे लागेबांधे असल्याचा बोभाटा होता. पण बर्फात पाय पोळलेल्या माणसाला बूट कोणाकडून आले याची चौकशी करण्याची चैन परवडत नाही.

आता या बूट देणाऱ्या संघटनेचे दुसरे तोंड पाहा. २२ नोव्हेंबर १९०९ रोजी कूपर युनियनच्या सभागृहात शिवणकाम करणाऱ्या मुलींची सभा भरली. पुढारी सावधगिरीची भाषणे करीत होते. तेवढ्यात क्लारा लेमलिक नावाची एक तरुण कामगार मुलगी उठली आणि तिने यिडिश भाषेत सरळ संपाचा ठराव मांडला. वीस हजारांवर कामगार संपावर गेले. त्यांत बहुतेक मुलीच होत्या. बायकांची पोलकी शिवणाऱ्या या कारखान्यांत पगार कमी, तास फार, आणि चोरी होऊ नये म्हणून दरवाजे कुलूपबंद. संपकरी मुलींना रस्त्यावर मारहाण झाली, पोलिसांनी पकडून नेले, न्यायाधीशांनी दंड ठोठावले. ते पोलीस आणि ते न्यायाधीश बव्हंशी टॅमनीच्याच मेहेरबानीतले. त्या मुलींना मदत करावयास गेलेल्या मेरी ड्रायर या बाईंनाही पकडण्यात आले. म्हणजे ज्या हाताने बूट दिले जात होते, त्याच हाताखालचा दंडुका हक्क मागणाऱ्यांच्या डोक्यावर बसत होता. बूट मागणे चालत होते. पगार मागणे चालत नव्हते.

पुष्कळ कारखान्यांनी युनियनशी करार केला. ट्रँगल नावाच्या मोठ्या कारखान्याने केला नाही.

२५ मार्च १९११. शनिवारची संध्याकाळ, काम सुटावयाला थोडा अवकाश. दहा मजली इमारतीच्या वरच्या तीन मजल्यांवर हा कारखाना होता. आठव्या मजल्यावर चिंध्यांच्या ढिगाला आग लागली. आठव्या आणि दहाव्या मजल्यावरचे बहुतेक लोक निसटले. नवव्या मजल्यावर एका जिन्याचा दरवाजा कुलूपबंद होता. बाहेरचा लोखंडी जिना भाराने कोसळला. आगीचा बंब आला, पण त्याची शिडी सहाव्या मजल्यापर्यंतच पोहोचली. मुली खिडक्यांतून उड्या टाकू लागल्या. अर्ध्या तासाच्या आत १४६ माणसे मेली. त्यांत १२३ बायका आणि मुली, २३ पुरुष. सर्वांत लहान मुली चौदा वर्षांच्या. सहा प्रेतांची ओळख पटण्यास पुढे शंभर वर्षे, म्हणजे २०११ साल उजाडावे लागले. मालकांवर खटला झाला, डिसेंबर १९११ मध्ये ते निर्दोष सुटले. १९१४ साली दिवाणी दाव्यांत तडजोड झाली ती माणशी सुमारे ७५ डॉलरांवर.

आगीच्या वेळी जवळच एका घरी चहाला आलेली फ्रान्सिस पर्किन्स नावाची तरुणी धावत तेथे आली आणि उड्या टाकणाऱ्या मुली तिने डोळ्यांनी पाहिल्या. ही बाई ग्राहकांच्या एका संघटनेच्या वतीने ऑल्बनीत कामगार कायद्यांसाठी खटपट करीत असे. तिचे नाव लक्षात ठेवावे.

दक्षिण टोकाच्या चाळींचा आमदार होता आल्फ्रेड स्मिथ. बाप गेल्यावर लहान वयातच शाळा सुटली. तो फुल्टनच्या मासळीबाजारात हमाली करून वाढला. १९०३ साली विधानसभेवर निवडून आला तेव्हा सभागृहात काय चालले आहे ते त्याला समजेना. त्याने काय करावे? रात्ररात्र खोलीवर बसून तो एकेक विधेयक, एकेक अंदाजपत्रक अक्षरशः वाचून काढू लागला. पुढे विद्वान वकिलांच्या सभेत आपली पदवी मासळीबाजाराची आहे, असे तो अभिमानाने सांगे. १९११ साली तो विधानसभेत आपल्या पक्षाचा नेता होता. श्रोतेहो, आमच्यासारख्या अर्धशिक्षिताला हा माणूस जवळचा वाटला, तर आपण समजून घ्याल.

आगीनंतर स्मिथने जे केले ते टॅमनीच्या आमदाराने करावयाचे ते होते. तो मेलेल्या मुलींच्या घरोघर गेला. प्रेते ओळखण्यासाठी ठेवली होती तेथे आईबापांबरोबर गेला. प्लंकिटही गेलाच असता. पण स्मिथ तेथे थांबला नाही. त्याच्या आणि सिनेटमधील नेते रॉबर्ट वॅग्नर यांच्या पुढाकाराने ३० जून १९११ रोजी कारखाना चौकशी आयोगाचा कायदा झाला. वॅग्नर अध्यक्ष, स्मिथ उपाध्यक्ष. नऊ सभासदांत कामगार पुढारी सॅम्युअल गॉम्पर्स होते, आणि ज्यांना संपात पोलिसांनी धरले होते त्या मेरी ड्रायरही होत्या. दीड वर्षापूर्वी पोलीस ठाण्यात, आणि आता सरकारी आयोगात! हा बदल काही आमदारांच्या चांगुलपणाने झाला नाही. वीस हजार मुलींचा संप, आगीनंतर पावसात निघालेली लाखोंची शोकयात्रा, आणि चाळींतली मते समाजवादी पक्षाकडे वळू लागल्याची टॅमनीला लागलेली धास्ती, या तिन्हींचा तो परिणाम होता.

आयोगाने साक्षी घेतल्या, पण साक्षी कागदावर राहतात. फ्रान्सिस पर्किन्स बाईंनी आमदारांना उठवून नेले आणि जागेवर दाखविले. दोरखंडाच्या कारखान्यातून दहा तासांची रात्रपाळी संपवून पहाटे बाहेर पडणाऱ्या शेकडो बायका दाखविल्या. फळे-भाज्या डब्यांत भरण्याच्या कारखान्यात पहाटे पाचला कामाला बसलेली पाच-सहा वर्षांची मुले दाखविली. एका कारखान्यात आगीच्या वेळी बाहेर पडण्याची वाट म्हणून भिंतीला एक भोक होते. त्यातून त्यांनी वॅग्नरना सरपटत बाहेर जावयास लावले. बाहेरची शिडी बर्फाने माखलेली, आणि जमिनीपासून कितीतरी फूट वरच संपलेली! पाहणी यालाच म्हणावे. हल्ली मंत्री आणि आमदार पाहणीला येतात, तेव्हा आम्हांस त्या भोकाची आठवण होते.

याच वेळी विधिमंडळापुढे दुसरे एक विधेयक होते. कारखान्यांतल्या बायकांचा आठवडा साठ तासांचा होता, तो चोपन्न तासांवर आणावा. या विधेयकामागे एक गमतीची पूर्वकथा आहे. त्याआधी काही वर्षे पर्किन्स बाई न्यूयॉर्कच्या एका गरीब वस्तीत समाजसेविका होत्या. तेथील एका घरातला कर्ता मुलगा पोलिसांनी धरला. मागे आई आणि बहिणी उपाशी. धर्मादाय संस्थेने सांगितले, कुटुंब लायक आहे का ते पाहू. पर्किन्स बाई वैतागून त्या भागातल्या टॅमनीच्या पुढाऱ्याकडे गेल्या. हा टॉमस मॅकमॅनस. १९०५ साली याच भागात प्लंकिटला हरवून पुढारी झालेला. त्याने एकच विचारले: आपण याच भागात राहता ना? लौकरच पोर घरी आले. पुढे सिनेटमध्ये चोपन्न तासांचे विधेयक याच मॅकमॅनसच्या नावे होते. वस्तीतल्या एका दाराशी झालेली ओळख अशी कायद्यापर्यंत पोहोचली.

१९१२ च्या अधिवेशनाच्या अखेरीस विधेयक अडले. डबाबंद मालाच्या कारखान्यांना वगळले तरच ते सिनेटमध्ये मंजूर होणार, असा डाव होता. पर्किन्स बाई हे कबूल करणार नाहीत आणि विधेयक आपोआप मरेल, असा पुढाऱ्यांचा हिशेब. बाईंनी तेथल्या तेथे ते कबूल केले. काही बायका उद्यावर राहिल्या तरी आज लाखोंची सुटका होते, असा त्यांचा विचार. आम्ही स्वतः कितीतरी करारांवर सह्या केल्या आहेत. कोणाला वगळून कोणाला मिळवून द्यावे, हा निर्णय किती कडू असतो, हे आम्हांस ठाऊक आहे. त्या बाईंना दोष देणे आमच्याच्याने होत नाही.

पण मते कमी पडत होती. बिग टिम सलिव्हन आणि त्याचा नातलग सिनेटर क्रिस्टी सलिव्हन हे रात्रीच्या आगबोटीने न्यूयॉर्कला निघाले होते. बाईंनी धक्क्यावर टेलिफोन केला. ते दोघे बोटीवरून उतरले आणि विधानभवनाची टेकडी धापा टाकीत चढून सभागृहात शिरले. मते पडली, विधेयक मंजूर झाले. सलिव्हनने पर्किन्स बाईंना आपले कारण सांगितले होते: त्याची बहीण लहान वयातच कामाला गेली होती, त्या कामाने पोरीचे काय होते ते त्याने घरात पाहिले होते. म्हणून बायकांना थोडी उसंत मिळावी असे त्याला वाटे.

श्रोतेहो, आमच्या कोड्याचे उत्तर आम्हांस या टेकडीवर सापडले. सलिव्हनने वर्षानुवर्षे हजारो जोड बूट वाटले. ते बूट पुढच्या हिवाळ्यापर्यंत फाटले, आणि लोक पुन्हा रांगेत उभे राहिले. त्या रात्री त्याने एक मत दिले, आणि कारखान्यांतल्या बायकांना आठवड्याचे सहा तास मिळाले. त्यांसाठी त्यांना कोणाच्या दारात उभे राहावे लागले नाही, कोणाचे आभार मानावे लागले नाहीत. ज्या बायका सलिव्हनच्या भागात राहत नव्हत्या, ज्यांनी त्याचे नावही ऐकले नव्हते, त्यांनाही ते मिळाले. पण ते मत त्याने का दिले? बहीण आठवली म्हणून. वस्तीतले दुःख ज्याने जवळून पाहिलेच नाही, तो बोटीवरून उतरला नसता.

१९१३ साली स्मिथ विधानसभेचा अध्यक्ष झाला. आयोगाच्या शिफारशींवरून १९११ ते १९१४ या काळात तीसांहून अधिक कायदे झाले. कामाच्या वेळी दरवाजे उघडे असले पाहिजेत, आग लागल्यास बाहेर पडण्याचा सराव झाला पाहिजे, उंच इमारतींत आपोआप पाणी फवारणारी नळे पाहिजेत, बायकांना रात्रपाळी नको, कारखाना तपासणाऱ्या खात्यात पुरेशी माणसे हवीत. आठवड्यातून एक दिवस सुटीच्या कायद्यातून आपल्याला वगळावे, अशी डबाबंद कारखानदारांची मागणी आली, तेव्हा शब्बाथ पाळण्याच्या धर्माज्ञेत डबेवाल्यांसाठी सूट दिल्याचे आपल्या वाचनात नाही, असे स्मिथने सुनावले. तो पुढे चार वेळा राज्याचा गव्हर्नर झाला. वॅग्नर राष्ट्रीय सिनेटवर गेले; कामगारांना युनियन करण्याचा हक्क देणारा १९३५ चा कायदा त्यांच्याच नावाने ओळखला जातो. पर्किन्स बाई १९३३ ते १९४५ अमेरिकेच्या मजूरमंत्री होत्या. त्या देशाच्या मंत्रिमंडळातल्या पहिल्या स्त्री. म्हातारपणाचे वेतन आणि बेकारी भत्ता यांची व्यवस्था त्यांच्या कारकिर्दीत १९३५ साली झाली. बेकारी भत्ता कायद्याने मिळू लागल्यावर कोळशाची पाटी मतांच्या बदल्यात विकणे अवघड झाले. टॅमनीच्या ऱ्हासाची कारणे अनेक आहेत, त्यांतले हे एक.

बिग टिमचा शेवट मात्र चटका लावणारा आहे. चोपन्न तासांच्या मतानंतर थोड्याच महिन्यांत त्याचे मन बिघडले. १९१३ च्या ऑगस्टअखेर रखवालदारांची नजर चुकवून तो बाहेर पडला आणि आगगाडीखाली सापडला. हजारोंना जेवू घालणाऱ्या या माणसाचे प्रेत बेवारस म्हणून कित्येक दिवस पडून होते. बेवारशांच्या दफनभूमीकडे नेण्याच्या क्षणी एका पोलिसाने ते ओळखले. त्याच्या अंत्ययात्रेला मग रस्ते भरून लोक आले.

या इतिहासाला डागही आहेत. जानेवारी १९२० मध्ये न्यूयॉर्कच्या विधानसभेने समाजवादी पक्षाच्या पाच आमदारांना सभागृहाबाहेर ठेवले आणि एप्रिलमध्ये काढूनच टाकले. त्यांचा पक्ष पसंत नाही, एवढाच गुन्हा. स्मिथ तेव्हा गव्हर्नर होता, विरोधी पक्षाचा होता. तरी त्याने याचा जाहीर निषेध केला. सप्टेंबरात फेरनिवडणूक झाली आणि पाचही वस्त्यांनी त्याच पाचांना पुन्हा निवडून दिले! आमदार कोणाचा, याचे उत्तर रहिवाशांनी दिले.

आता आजचे पाहू. न्यूयॉर्कच्या प्रत्येक आमदाराची आपल्या भागात कचेरी आहे, पगारी नोकर आहेत. भाडेकरूची तक्रार, आरोग्यविम्याचा अर्ज, म्हाताऱ्यांची सवलत, अशी कामे तेथे होतात. आणि वस्तीच्या खबरबातीचे पत्रक सरकारी खर्चाने घरोघर जाते. ही सेवा आता मेहेरबानीची राहिली नसून नियमाने चालते. ती अनावश्यक झाली काय? नाही. २०२० साली महामारीत लक्षावधी लोक एकदम बेकार झाले. भत्त्याचा कायदा १९३५ पासून होता. पण खात्याचे टेलिफोन लागेनात. तेव्हा लोकांनी आमदारांच्याच कचेऱ्यांत धाव घेतली, आणि त्या कचेऱ्यांनी माणसामागून माणसाचे प्रकरण पुढे ढकलले. हक्क पुस्तकात असला तरी त्याचे दार गंजते, आणि ते ढकलावयाला कोणीतरी लागतो.

आपल्याकडचा एक दाखला देऊन आटोपतो. १९११ साली, ट्रँगलची आग लागली त्याच वर्षी, हिंदुस्थानात कारखान्यांचा नवा कायदा झाला आणि गिरण्यांतल्या प्रौढ पुरुषांचा दिवस बारा तासांवर आला. म्हणजे त्या मुलींचे दुःख मुंबईच्या चाळींत परके नव्हते. दुष्काळात आमदाराकडे 'काम द्या' म्हणून जाणे हे तर महाराष्ट्राला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक. तासगाव तालुक्यातील विसापूरचे वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. आपल्या तालुक्यातील चार माणसांना खडी फोडण्याचे काम मिळवून देणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यात मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग सुरू करविला. १९७२ च्या दुष्काळात कामासाठी लाखो हात पुढे आले, मोर्चे निघाले; त्या रेट्यातून योजना राज्यभर पसरली. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला, १९७९ च्या प्रजासत्ताकदिनापासून तो अमलात आला. काम मागणारा मजूर याचक राहिला नाही. तोही प्रवास न्यूयॉर्कसारखाच: आपला तालुका, आपली माणसे, आणि मग सर्वांसाठी कायदा.

श्रोतेहो, त्या बाईंचे पैसे मिळवून देणाऱ्या आमदारांना आम्ही आजही दुवा देतो. पण त्यानंतर आम्ही युनियनच्या कचेरीत एक वही घातली. एकाच तऱ्हेची तक्रार किती जणांची आली ते तीत मांडतो. पाच झाल्या की ती एका माणसाची नड राहत नाही. मग आम्ही ती यादीच घेऊन जातो आणि विचारतो: साहेब, यांतला एक टेलिफोन आपण कराल, त्याबद्दल आभार, पण हा प्रश्न आपण सभागृहात केव्हा विचारणार? पहिल्या खेपेला चेहरे बदलतात. तिसऱ्या खेपेला प्रश्न विचारला जातो, असा आमचा अनुभव आहे.

आपल्या घरीही आमदारांचे पत्रक येत असेल. ते टाकून देऊ नका. रस्ता, दिवे, सभामंडप, शिबिर, सारे वाचा. मग एवढेच शोधा, की या वर्षी सभागृहात त्यांनी कोणता प्रश्न मांडला आणि कोणत्या विधेयकावर कसे मत दिले. ते छापलेले नसेल, तर पुढच्या भेटीत त्यांना विचारा. एकट्याने नव्हे, पाचजण मिळून जा, आणि वही बरोबर न्या.